पावले मोजायला नऊ हजार रुपये?

सांगलीहून एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती असल्यामुळे पत्रातला आवश्यक तेवढाच भाग येथे देते.

"माझे वय ६१. तीन वर्षांपूर्वी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले. दीड वर्षापूर्वी मधुमेहाचे निदान झाले आणि तेव्हापासून सकाळी एक गोळी चालू आहे. रोज संध्याकाळी आमराईत अर्धा तास फिरते. नोकरीत असतानाही तेवढेच फिरत होते, तरी निवृत्तीनंतर सहा किलो वजन वाढले. डॉक्टर म्हणतात, चालणे वाढवा. पुण्याचा मुलगा आणि सून वाढदिवसाला नऊ हजारांचे स्मार्टवॉच पाठवणार आहेत. त्यात पावले मोजली जातात आणि ती त्यांना पुण्यात बसूनही दिसतात म्हणे. यजमानांचे म्हणणे, चालायला यंत्र कशाला, भिंतीवरचे घड्याळ पाहावे आणि अर्धा तास चालावे. आमच्या भिशीतल्या एक मैत्रीण रोज बारा हजार पावलांचा आकडा सर्वांना दाखवतात. माझा तर उजवा गुडघा दुखतो. घरकामाची पावले धरायची का? दहा हजार झालीच पाहिजेत का? आणि मुळात हे यंत्र घेण्यासारखे आहे का?"

बाई, सप्रेम नमस्कार.

शाळेतल्या मुलांनी तुम्हाला आयुष्यभर ज्या नावाने हाक मारली, त्याच नावाने मीही तुम्हाला हाक मारते, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला तुमच्या शाळेतच सापडले. पण आधी निर्णय सांगते. नऊ हजारांचे घड्याळ सध्या घेऊ नका आणि मुलालाही घेऊ देऊ नका. मात्र यजमानांचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे असेही समजू नका. तुमच्या बाबतीत पावले मोजण्याला निश्चित अर्थ आहे, आणि पहिले पंधरा दिवस ती एकही रुपया खर्च न करता मोजता येतील. विकत काय घ्यायचे आणि घ्यायचे की नाही, हे त्या पंधरा दिवसांनंतर ठरवावे.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मी दोनदा वाचले. नोकरीत असतानाही अर्धा तासच फिरत होते, तरी आता वजन वाढले, असे तुम्ही लिहिता. म्हणजे व्यायाम तेवढाच राहिला आणि तरीही काहीतरी कमी झाले. शाळेत असताना आपण दिवसभरात किती चालत होतो, याचा हिशेब तुम्ही कधी केला नसेल, कारण त्याला कोणी व्यायाम म्हणत नव्हते. परिपाठाच्या मैदानापासून वर्गापर्यंत, फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत आणि परत, मधल्या सुट्टीत खिचडीच्या पातेल्यापाशी, हजेरीपत्रक घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत, शाळा सुटल्यावर रिक्षाच्या थांब्यापर्यंत, असे ते चालणे दिवसभर थोडे थोडे होत असे. निवृत्तीच्या निरोप समारंभात शाल आणि श्रीफळ मिळाले, आणि ही सगळी पावले मात्र त्याच दिवशी शाळेत राहिली. आमराईतला अर्धा तास जसाच्या तसा राहिला तरी उरलेला दिवस बदलला, आणि तो किती बदलला हे भिंतीवरचे घड्याळ सांगू शकत नाही.

यजमानांच्या सल्ल्यात जेवढे खरे आहे, तेवढे त्यांच्या पदरात टाकायला हवे. प्रौढ माणसांच्या बाबतीत मिनिटाला साधारण १०० पावले या गतीचे चालणे मध्यम श्रमाचे मानले जाते, म्हणून अर्ध्या तासात तुमची सुमारे ३,००० पावले होत असणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधल्या मार्गदर्शक सूचनाही पावलांत नाहीत, मिनिटांत आहेत. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी असे त्या सांगतात. रोजचा अर्धा तास खरोखर रोज होत असेल आणि बाकावर गप्पा मारण्यात त्यातली दहा मिनिटे जात नसतील, तर आठवड्याला २१० मिनिटे होतात, आणि तेवढ्यापुरते तुमचे गणित सुटलेले आहे. ज्याला फक्त व्यायामाचा वेळ मोजायचा आहे, त्याने पावले मोजणारे यंत्र घेऊ नये, कारण ते काम घरातले घड्याळ फुकट करते. या यंत्राचा उपयोग ज्या तासांना आपण व्यायाम समजत नाही त्या तासांत आहे, आणि तुमची गोम नेमकी त्याच तासांत असावी असा माझा अंदाज आहे.

आता त्या दहा हजारांविषयी. हा आकडा कोठून आला हे समजले की त्याचा धाक बराच कमी होतो. १९६४ मध्ये टोकियोत ऑलिंपिक स्पर्धा झाल्या, जपानमध्ये व्यायामाविषयी लोकांची आस्था वाढली, आणि १९६५ मध्ये यामासा या कंपनीने कमरेला लावायचे एक यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव होते 'मानपो-केई', म्हणजे शब्दशः 'दहा हजार पावलांचे मापक'. दहा हजार ही लक्षात ठेवायला आणि विकायला सोयीची, गोल संख्या होती. हजारो माणसांच्या आयुष्याचा मागोवा घेऊन ती काढलेली नव्हती. आपल्या पूर्वजांनी जेवणानंतर शतपावली सांगितली तेव्हाही शंभर ही संख्या कोणी प्रयोगशाळेत ठरवली नव्हती, पण निदान ती कोणाला छातीवर दडपण आणत नाही.

मागोवा घेण्याचे काम पुढे झाले. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १६,७४१ स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ७२ होते, त्यांनी आठवडाभर कमरेला यंत्र लावले आणि नंतर चारएक वर्षे त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवली गेली. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या गटात मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले, आणि साधारण ७,५०० पावलांनंतर हा फरक वाढायचा थांबला. २०२२ मध्ये वेगवेगळ्या देशांतले १५ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही साठीपुढच्यांच्या बाबतीत ६,००० ते ८,००० पावलांच्या आसपास लाभाचा चढ सपाट झालेला दिसला. साठीच्या आतल्यांसाठी तो टप्पा ८,००० ते १०,००० असा होता. येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. अशा पाहण्यांतून चालल्यामुळे प्रकृती सुधारली, की प्रकृती बरी होती म्हणून माणूस जास्त चालू शकला, हे पूर्णपणे वेगळे काढता येत नाही, आणि संशोधकांनी आजारी व्यक्ती बाजूला काढून हिशेब केले तरी थोडी शंका शिल्लक राहतेच. तरीही एवढे म्हणायला हरकत नाही की तुमच्या वयाला दहा हजारांचा हट्ट धरण्याचे कारण नाही, आणि बसून राहणाऱ्या माणसाने वाढवलेली पहिली हजार-दोन हजार पावलेच सर्वांत मोलाची असतात.

हे तुमच्या दिवसाला लावून पाहू. आमराईतली ३,००० आणि घरात, अंगणात, वाण्याच्या दुकानापर्यंत मिळून समजा २,५०० धरली, तर तुम्ही आजच साडेपाच हजारांवर आहात. सात हजारांपर्यंत जायला दीड हजार पावले हवीत, म्हणजे पंधरा मिनिटे. पाच फूट उंचीच्या बाईचे पाऊल साधारण साठ सेंटिमीटरच्या थोडे पुढे पडते, म्हणून त्या दीड हजार पावलांत जेमतेम एक किलोमीटर होतो. अर्थात ही २,५०० मी अंदाजाने धरली आहेत. ती प्रत्यक्षात ९०० निघाली तर सगळे गणित बदलते. या एका आकड्यासाठीच मी तुम्हाला पंधरा दिवस मोजायला सांगते आहे.

मोजायचे कशाने? तुमच्याकडे गेल्या पाच-सहा वर्षांतला स्मार्टफोन असेल तर त्यात हालचाल ओळखणारा संवेदक बहुधा आधीपासूनच आहे. २०१३ च्या सुमारास फोनमध्ये पावले मोजण्याची वेगळी सोय येऊ लागली आणि आता ती सर्रास असते. सूनबाईंना विचारले तर फोनवरच्या फोनवर त्या पाच मिनिटांत ती चालू करून देतील. अडचण वेगळीच आहे, आणि ती घड्याळे विकणाऱ्या पुरुषांना सहसा सुचत नाही. साडीला खिसा नसतो. फोन चार्जिंगला लावलेला किंवा पर्समध्ये, आणि आपण स्वयंपाकघरात, असा आपला दिवस जातो, त्यामुळे फोनच्या हिशेबात बायका नेहमी पुरुषांपेक्षा आळशी ठरतात. म्हणून हे पंधरा दिवस फोन एका कापडी बटव्यात घालून कमरेला बांधा, सकाळी चहाच्या आधणापासून रात्री अंथरुणावर जाईपर्यंत. चार दिवस अवघडल्यासारखे वाटेल, पण आधी आपण किल्ल्यांचा जुडगाही असाच कमरेला लावत होतो.

यंत्र पावले कशी मोजते हे ठाऊक असले की त्याच्या चुका ओळखता येतात. जुन्या प्रकारच्या यंत्रात स्प्रिंगवर टांगलेली एक दांडी असे, कमर वरखाली झाली की ती आपटे आणि आकडा एकने पुढे जाई. आताच्या फोनमध्ये आणि मनगटावर बांधायच्या बँडमध्ये तिन्ही दिशांचा हिसका ओळखणारा इवलासा संवेदक असतो, आणि त्या हिसक्यांत चालण्याचा ठेका आहे की नाही हे आतली आज्ञावली ठरवते. ती पावले पाहत नाही, ठेका पाहते. त्यामुळे बरीच यंत्रे लागोपाठ आठ-दहा पावले पडल्याखेरीज मोजायला सुरुवातच करत नाहीत. ओट्यापासून फ्रिजपर्यंतची चार पावले, तेथून देवघरापर्यंतची सहा, अशी घरकामाची तुकड्यातुकड्यांतली पावले त्यांतून निसटतात. अगदी हळू चालणे, काठी घेऊन चालणे, कठडा धरून जिना चढणे यांतही मोजणी कमी भरते. मनगटावरच्या बँडचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे हात स्थिर असला की तो चालणेही धरत नाही. भाजीची जड पिशवी हातात घेऊन तुम्ही मंडईतून घरी आलात, तर सर्वांत कष्टाचे चालणे त्याच्या लेखी अर्धेमुर्धेच होते.

उलट बाजूही आहे. मी स्वतः काही वर्षांपूर्वी एक स्वस्तातला बँड घेतला होता. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत माझी पावले एकाएकी वाढली, आणि मला वाटले की दर्शनाला फिरल्याचा हा परिणाम असेल. चौथ्या दिवशी लक्षात आले की रात्री आरतीला टाळ्या वाजवताना आकडा सरसर पुढे सरकतो, आणि 'घालीन लोटांगण'पर्यंत मी जागच्या जागी अर्धी शतपावली केलेली असते. कणीक तिंबताना आणि खड्ड्यांतून जाणाऱ्या रिक्षातही थोडीफार भर पडत असे. तुमच्या भिशीतल्या मैत्रिणींच्या बारा हजारांत खरी पावले किती आणि टाळ्या किती, हे मी सांगू शकत नाही, आणि तुम्हीही विचारू नका. पण एका यंत्राचा आकडा दुसऱ्या यंत्राच्या आकड्याशी, आणि एका माणसाचा दुसऱ्याशी लावणे हे दोन वेगवेगळ्या शाळांच्या प्रश्नपत्रिकांचे गुण एकत्र लावण्यासारखे आहे. आपले यंत्र रोज सारखीच चूक करत असेल तर कालच्यापेक्षा आज किती, हे त्यावरून नीट कळते, आणि आपल्याला तेवढेच हवे आहे. म्हणून घरकामाची पावले धरायची का, या प्रश्नाला माझे उत्तर आहे की धरा, पण त्यांची मोजणी चोख नसते हे मनात ठेवूनच.

कोणतेही यंत्र घेतले की त्याची एक परीक्षा घ्यावी, आणि ती तुम्हाला मुद्दाम शिकवायला नको. स्वतः मोजून शंभर पावले चाला आणि आकडा किती पुढे गेला ते पाहा. हे तीन वेळा करावे, एकदा नेहमीच्या गतीने, एकदा सावकाश आणि एकदा हातात पिशवी घेऊन. पहिल्या वेळी ९५ ते १०५ च्या दरम्यान आकडा आला तर यंत्र कामाचे आहे. मोजताना संख्या चुकते असे वाटले तर जपमाळ घ्या. १८६५ मध्ये सर्वेक्षण खात्याने तिबेटकडे गुप्तपणे पाठवलेले नैनसिंह रावत यांनी ल्हासापर्यंतचे अंतर असेच मोजले होते. त्यांच्या माळेत १०८ ऐवजी १०० मणी होते, दर शंभर पावलांना ते एक मणी सोडत, आणि बघणाऱ्याला वाटे की यात्रेकरू नामस्मरण करतो आहे.

यंत्र घेतल्याने माणूस खरोखर जास्त चालतो का, हा तुमच्या यजमानांचा खरा आक्षेप आहे, आणि तो फेटाळण्याजोगा नाही. २००७ मध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. पावले मोजणारे यंत्र लावणाऱ्यांची पावले, तुलनेच्या गटापेक्षा, दिवसाला सुमारे २,५०० ने जास्त वाढलेली त्यात दिसली. पण ज्यांनी रोजच्या पावलांचे काही उद्दिष्ट ठरवले होते त्यांच्यातच ही वाढ प्रामुख्याने होती, नुसते यंत्र लावून फिरणाऱ्यांत नव्हती. शिवाय त्या अभ्यासांचा सरासरी काळ चार-साडेचार महिन्यांचा होता, आणि नवे यंत्र चार महिने कोणालाही प्रिय असते. २०१६ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांनी दोन वर्षे चाललेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. वजन कमी करू पाहणाऱ्या तरुण मंडळींच्या एका गटाला आहार-व्यायामाच्या मार्गदर्शनाबरोबर दंडावर लावायचे यंत्र दिले होते, दुसऱ्या गटाला मार्गदर्शन मिळाले पण यंत्र दिले नव्हते. दोन वर्षांनी यंत्र लावणाऱ्यांचे वजन सरासरी साडेतीन किलोंनी उतरले होते आणि न लावणाऱ्यांचे जवळजवळ सहा किलोंनी. असे का झाले यावर बराच तर्क झाला. मला स्वतःला वाटते की आकडा पूर्ण झाला की माणूस स्वतःला बक्षीस देतो, आणि आपल्याकडे ते बक्षीस बहुधा बशीत येते. तेव्हा सहा किलो उतरवण्यासाठी म्हणून यंत्र घेत असाल तर ती अपेक्षा सोडून द्या. वजनाचा मोठा भाग ताटाशी निगडित आहे आणि त्याविषयी कोणतेही घड्याळ काही सांगत नाही.

पंधरा दिवस झाले की पहिले तीन दिवस सोडून बाकी रोजच्या आकड्यांची सरासरी काढा. बाजाराचा दिवस, रविवार, पाहुणे आलेला दिवस, गुडघा दुखला म्हणून न फिरलेला दिवस, सगळे धरा, आवडीचे दिवस निवडू नका. सरासरी साडेसहा-सात हजार निघाली, तर मोजणे थांबवा, फोन पुन्हा चार्जिंगला लावा आणि वाढलेल्या वजनाचे कारण जेवणात शोधा. यंत्रावरचे पैसे वाचले. सरासरी चार-पाच हजार निघाली, तर दर दोन आठवड्यांनी पाचशे-पाचशे पावले वाढवत न्या, आणि ती आमराईच्या फेरीत घालू नका. दोन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटे, अंगणात किंवा गच्चीवर, फिरा. जेवणानंतर रक्तातली साखर चढते त्याच वेळी पायांचे स्नायू चालू असले की ती वापरली जाते, त्यामुळे मधुमेहात या वेळच्या थोड्या चालण्याचा उपयोग विशेष होतो. दुखऱ्या गुडघ्यालाही एका दमात तासभर चालण्यापेक्षा असे तुकडे सोसतात. आणि सरासरी तीन हजारांच्या खाली निघाली, तर मात्र मी म्हणेन की कायमचे यंत्र घ्या, कारण मग दिवसभराचे बसणे हाच तुमचा मुख्य प्रश्न आहे आणि त्याची रोज आठवण करून देणारे काहीतरी अंगावर हवे.

घ्यायचे ठरले तर काय घ्यावे? पावलांपुरते पाहिले तर दीड-दोन हजारांचा साधा बँड आणि नऊ हजारांचे घड्याळ यांच्या कामात तुम्हाला जाणवेल असा फरक नसतो. वरचे पैसे फोन उचलणे, गाणी, नकाशा अशा सोयींचे असतात. दुकानाबाहेर बँड उन्हात नेऊन चष्म्याशिवाय आकडा वाचता येतो का ते पाहा, एका चार्जिंगमध्ये निदान आठवडाभर चालतो का ते विचारा, आणि पट्टा तुटला तर सुटा मिळतो का हे आधीच खात्री करून घ्या, कारण बँड बिघडण्याआधी बहुधा पट्टाच तुटतो. कमरेला लावायचे, सेलवर चालणारे छोटे यंत्रही मिळते. ते परकराच्या नाडीला घट्ट बसते, हातात पिशवी असली तरी मोजते, त्याला फोन लागत नाही आणि टाळ्यांनी ते फसत नाही. मला विचाराल तर साडी नेसणाऱ्या, फोनशी फारसे सख्य नसलेल्या बाईला तेच जास्त सोयीचे. मात्र पोट पुढे आलेले असेल तर ते समोर लावू नये, तिरके होऊन मोजणी चुकते, कमरेच्या बाजूला लावावे.

एका गोष्टीपासून दूर राहा. काही घड्याळांच्या जाहिरातीत सुई न टोचता रक्तातली साखर मोजून देण्याचा दावा असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा घड्याळांविषयी आणि अंगठ्यांविषयी जाहीर इशारा दिला होता, की त्वचेला छेद न देता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही अशा उपकरणाला त्यांनी मान्यता दिलेली नाही. मधुमेह असलेल्या माणसाने त्या आकड्यावर विसंबून गोळी कमी-जास्त केली तर ते जिवावर बेतू शकते. तुमच्या मुलाने पाहिलेल्या घड्याळात ही सोय लिहिलेली असेल, तर तेवढ्यावरून ते परत पाठवावे.

आणखी दोन गोष्टी यंत्राला दिसत नाहीत. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून टाचा उचलणे, अशा व्यायामांत एकाही पावलाची नोंद होत नाही, पण गुडघ्याभोवतीचे स्नायू त्यांनीच सावरतात, आणि स्नायू बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून निदान दोन दिवस करावा असे त्याच २०२० च्या सूचनांत आहे. दुसरी गोष्ट तळपायांची. मधुमेहात पायांची संवेदना कमी होऊ शकते आणि चप्पल लागलेली कळत नाही, म्हणून चालणे वाढवण्याआधी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या, अनवाणी फिरू नका आणि रोज रात्री तळवे पाहा. काही गोळ्यांमुळे चालताना साखर एकदम उतरते. तुमची गोळी त्यातली आहे का हेही त्याच वेळी विचारा, आणि असेल तर फिरायला जाताना पदराला खडीसाखर बांधून न्या.

राहता राहिला प्रश्न मुलाचा, आणि तुम्ही तो विचारलेला नसला तरी पत्रात तो आहे. पावले त्यांना पुण्यात बसूनही दिसतात म्हणे, या वाक्यातले 'म्हणे' मला बोलके वाटले. मुलाची काळजी खरी आहे, पण वयाच्या एकसष्टाव्या वर्षी आपले प्रगतिपुस्तक रोज मुलाकडे सहीला जावे का, हे तुम्ही ठरवायचे आहे. काही आयांना ते आवडते, रात्रीच्या फोनला निमित्त मिळते. काहींना त्या आकड्याचा जाच होतो, आणि मग त्या बँड नातवाच्या मनगटावर बांधून देतात. तुम्हाला ते नको असेल तर तसे सरळ सांगा. भेट नाकारली असे होऊ नये म्हणून त्यांना दुसरे काहीतरी मागा. टाचेला गादी असलेले, पुढे बोटांना ऐसपैस जागा असलेले चांगले बूट मागा, जे तुम्ही स्वतः दुकानात संध्याकाळी, म्हणजे पाय थोडे सुजलेले असताना, घालून पाहून घ्याल. आणि मागच्या तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचा वर्षभराचा खर्च त्यांनी उचलावा असे सांगा. तुमच्या चालण्याचा उपयोग होतो आहे की नाही, हे पावलांच्या आकड्यापेक्षा त्या अहवालात अधिक स्पष्ट दिसेल, आणि तो अहवाल मुलाला पाठवायला तुमचीही हरकत नसावी.

येत्या सोमवारपासून फोन कमरेला बांधा आणि एका वहीत रोज झोपण्यापूर्वी आकडा लिहा. पहिले तीन दिवस सरासरीत धरू नका, कारण कोणी मोजते आहे म्हटले की माणूस उगाचच जास्त चालतो, तपासणी अधिकारी आल्यावर शाळा असते तशी. आणि एखाद्या दिवशी यजमानांच्या सदऱ्याच्या खिशात त्यांचा फोन सकाळपासून रात्रीपर्यंत ठेवायला लावा. त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाच्या हिशेबातून किती पावले सुटतात, ते मलाही कळवा.